चौथ्या वेजने आधी आपली जागा सिद्ध करावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतील गोल्फच्या सदरात अलीकडे हौशी खेळाडूंना पिशवीत चार वेज, म्हणजे जवळच्या अंतरावरून चेंडू उंच उडवणारे क्लब (गोल्फच्या काठ्या), बाळगण्याचा सरसकट सल्ला देण्यात आला आणि व्यावसायिक खेळाडू चार वेज वापरतात, एवढेच त्यामागचे कारण सांगितले गेले. अनेक वर्षे हौसेने हा खेळ खेळणारा वाचक म्हणून मला हा सल्ला अपुरा वाटतो. तो सगळ्यांच्याच बाबतीत चुकीचा आहे असे नाही. काही खेळाडूंना चार वेज खरोखरच लागतात. पण वेजची संख्या हा प्रश्न शेवटी सुटणारा आहे. आधी पिशवीतल्या पिचिंग वेज या सर्वांत ताठ वेजचा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) तिरपेपणा, किती अंशांचा आहे हे पाहावे लागते, मग आपला चेंडू प्रत्यक्षात किती यार्ड जातो हे मोजावे लागते आणि त्यानंतर लांबच्या फटक्यांसाठी किती क्लब लागतात याचा हिशोब करावा लागतो. हे सारे बाजूला ठेवून नुसता आकडा सांगितला की वाचक दुकानात जाऊन तो आकडा पुरा करतो आणि त्याचा खेळ होता तिथेच राहतो.

हा प्रश्न मुळात उद्भवतो तो चौदा क्लबांच्या मर्यादेमुळे. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने ही मर्यादा १९३८ मध्ये आणि ब्रिटनमधील आर अँड ए या संस्थेने १९३९ मध्ये लागू केली. त्याआधी पिशवीत कितीही क्लब असले तरी चालत आणि काही खेळाडू विसाहून अधिक क्लब घेऊन मैदानात उतरत. उलट टोकाचे उदाहरण हवे असेल तर चिक इव्हान्स या हौशी खेळाडूचे आहे. त्याने १९१६ ची अमेरिकन ओपन अवघ्या सात क्लबांनिशी जिंकली आणि त्याची २८६ ही एकूण फटक्यांची संख्या पुढे वीस वर्षे त्या स्पर्धेतला विक्रम म्हणून टिकली. म्हणून सर्वांनी सात क्लब बाळगावेत असे कोणी म्हणणार नाही, पण चौदा हा आकडा कमाल मर्यादा सांगतो, तो गाठण्याचे बंधन कोणावरही नाही, इतके त्यावरून ध्यानात यावे. तेरा क्लब घेऊन डाव सुरू करणाऱ्याला नियम काहीच म्हणत नाही. खेळाला उगीच उशीर होणार नसेल तर तो मध्येच चौदावा क्लब आणूही शकतो, फक्त मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कोणाचा क्लब त्याला उसना घेता येत नाही. पंधरावा क्लब मात्र महागात पडतो. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, ज्या होलवर ही चूक घडली त्या प्रत्येक होलसाठी दोन फटक्यांचा आणि संपूर्ण फेरीत जास्तीत जास्त चार फटक्यांचा दंड होतो. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल लिदमवर शेवटच्या फेरीत इयन वूसनम याने पहिल्या होलवर चेंडू झेंड्याच्या अगदी लगत टाकून बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली, आणि दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) त्याला सांगितले की पिशवीत दोन ड्रायव्हर (सर्वांत लांब मारण्याचे क्लब) आहेत, एकूण क्लब पंधरा. कार्डावर दोनाचे चार झाले. तिथे जास्तीचा क्लब ड्रायव्हर होता. पण घरी दोन-दोन सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्याचे क्लब) आलटून पालटून वापरून पाहणाऱ्यांनी पहिल्या टीवर पिशवीतले क्लब मोजून घेतलेले बरे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या, नंबर दिलेल्या क्लबांच्या) संचात पिचिंग वेज साधारण ४८ ते ५० अंशांचा असे आणि सँड वेज ५६ अंशांच्या आसपास. दोघांतले अंतर सहा ते आठ अंश. ते हाताच्या अंदाजाने भरून काढता येत असे, म्हणून दोन वेजवर बहुतेकांचे भागत असे. १९८० च्या सुमारास टॉम काइट याने, पूर्वी नासात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या डेव्ह पेल्झ यांच्या सल्ल्याने, ६० अंशांचा तिसरा वेज पिशवीत घेतला तेव्हा ते नवलाचे वाटले होते. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, काइट अमेरिकी दौऱ्यातील कमाईच्या यादीत पहिला आला. त्याचे सारे श्रेय एका वेजला देणे भाबडेपणाचे ठरेल, पण शंभर यार्डांच्या आतल्या खेळाकडे लोक अधिक बारकाईने पाहू लागले ते त्या काळापासून.

तेव्हापासून आजवर आयर्नचे लॉफ्ट हळूहळू कमी होत गेले आहेत. आज हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या अनेक संचांत पिचिंग वेज ४३ ते ४५ अंशांचा असतो, काहींत तो त्याहूनही ताठ असतो. म्हणजे क्लबच्या तळावर पिचिंग वेजची खूण असली तरी लॉफ्ट जुन्या नऊ नंबरच्या आयर्नइतका, कधी त्याहूनही कमी. यात निव्वळ विक्रीची चलाखी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या आयर्नच्या डोक्यातले वजन खाली आणि मागे नेलेले असते, त्यामुळे चेंडू सहज उंच उठतो, आणि तो अवाजवी उंच जाऊ नये म्हणून लॉफ्ट कमी करावा लागतो. तरीही ‘माझा सात नंबर आता दीडशे यार्ड जातो’ हे वाक्य ग्राहकाच्या तोंडी यावे असा हेतू त्यात अजिबात नाही, असेही कोणी छातीठोकपणे सांगू नये.

याचा परिणाम थेट वेजच्या संख्येवर होतो. पिचिंग वेज ४४ अंशांचा आणि सँड वेज ५६ अंशांचा असेल तर मध्ये बारा अंशांची दरी राहते. अशा पिशवीत ५० अंशांचा गॅप वेज हवाच, तो चैनीत मोडत नाही. ४४, ५० आणि ५६ असे तीन वेज मिळून काम नीट होते. पिचिंग वेज ४१-४२ अंशांपर्यंत उतरला असेल तर ४२, ४७, ५२ आणि ५७ अशी चार वेजची मांडणी करावी लागते, आणि त्यातही चेंडू जवळजवळ सरळ वर उडवणारा, ५८-६० अंशांचा लॉब वेज येत नाहीच. उलट एखाद्याकडे जुना संच असून त्यातला पिचिंग वेज ४८ चा असेल तर ४८ आणि ५६ या दोहोंवर त्याचा खेळ सुखाने चालू शकतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तिघांच्या पिशवीतल्या वेजची संख्या वेगळी आहे. म्हणूनच पिशवीतल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट न विचारता चार हा आकडा सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

अंशांचा हिशोब कागदावर झाला तरी तो अर्धाच असतो, कारण चेंडू यार्डांत जातो आणि ते यार्ड स्विंगच्या, म्हणजे क्लब फिरवण्याच्या, वेगावर अवलंबून असतात. वेगवान स्विंगच्या खेळाडूला चार अंशांच्या फरकाने बारा-पंधरा यार्डांचे अंतर मिळते; संथ स्विंगच्या खेळाडूला तेवढ्याच फरकाने सहा-सात यार्ड मिळाले तरी पुष्कळ. एवढा फरक हौशी खेळाडूच्या एकाच क्लबच्या दोन फटक्यांत सहज पडतो. अशा खेळाडूने ५२, ५६ आणि ६० असे तीन वेज ओळीने लावले तर त्याच्या पिशवीत एकाच अंतराचे तीन क्लब जमतात आणि प्रत्येक फटक्याआधीचा संभ्रम तेवढा वाढतो.

व्यावसायिकांचे अनुकरण इथेच फसते. आघाडीच्या व्यावसायिकाचा पिचिंग वेज सुमारे १४० यार्ड जातो, म्हणजे ग्रीनपासून (होलभोवतीच्या आखूड हिरवळीपासून) तिथपर्यंतचा सगळा टापू त्याला वेजने सांभाळायचा असतो. हौशी खेळाडूचा पिचिंग वेज समजा १०५ यार्ड जात असेल, तर त्याचा टापू त्याच प्रमाणात लहान आहे. १४० ला चाराने भागले की ३५ येतात आणि १०५ ला तिनाने भागले तरी ३५ च येतात. म्हणजे तीन वेज बाळगणारा हौशी खेळाडू जे करतो तेच चार वेज बाळगणारा व्यावसायिक करतो. फक्त व्यावसायिकाचा टापू मोठा असतो. हा भागाकार ढोबळ आहे हे मला मान्य आहे, कारण ग्रीनभोवतीच्या शेवटच्या वीस-तीस यार्डांना असा हिशोब लागू पडत नाही आणि त्याविषयी पुढे लिहितो आहेच. पण सरसकट सल्ला देणाऱ्याने निदान एवढी तरी आकडेमोड करायला हवी होती.

यार्ड मोजण्याची रीत अवघड नाही, फक्त प्रामाणिकपणा लागतो. सपाट जागेवर, वारा नसताना, प्रत्येक वेजने दहा-बारा चेंडू मारावेत; सर्वांत लांब गेलेले दोन आणि सर्वांत आखूड पडलेले दोन सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. चेंडू घरंगळून जिथे थांबला ते अंतर धरू नये, तो हवेतून जिथे पडला ते धरावे, कारण समोर बंकर (वाळूचा खड्डा) असला की घरंगळण्याचा काही उपयोग नसतो. मैदानावर वापरायचे तेच चेंडू वापरावेत. सरावाच्या मैदानावरचे झिजलेले चेंडू भलतेच आकडे दाखवतात. या मोजणीत बहुतेकांना दोन गोष्टी आढळतील. एक तर आपला पिचिंग वेज आपण सांगतो त्यापेक्षा दहा यार्ड कमी जातो. दुसरे म्हणजे शेजारच्या कुठल्यातरी दोन क्लबांमध्ये जवळजवळ काहीच अंतर नाही आणि दुसऱ्या कुठल्यातरी दोहोंमध्ये वीस-पंचवीस यार्डांची पोकळी आहे. नवा वेज घ्यायचाच असेल तर तो या पोकळीसाठी घ्यावा.

पोकळी भरण्याचा दुसरा मार्ग आहे तो अर्ध्या आणि पाऊण स्विंगचा. पेल्झ यांनी घड्याळाच्या काट्यांच्या आधारे डावा हात किती वर न्यायचा हे ठरवण्याची पद्धत रूढ केली. तीन वेज आणि प्रत्येकी तीन उंचीचे स्विंग धरले तर नऊ अंतरे हाती येतात. क्लब थोडा खाली धरला की आणखी काही यार्ड कमी करता येतात. ज्याला सरावाला वेळ मिळतो त्याने चौथा वेज घेण्याआधी हे करून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. पण सगळ्यांना सराव शक्य नसतो, हेही तितकेच खरे. आठवड्यातून एकदा थेट पहिल्या टीवर येऊन उभा राहणारा खेळाडू पाऊण स्विंगचा अंदाज राखू शकत नाही. त्याला पूर्ण स्विंगने योग्य अंतर देणारा जादा क्लब अधिक विश्वासाचा वाटला तर त्यात वावगे काही नाही. तेव्हा चार वेज बाळगण्याचे एक सबळ कारण सराव न करणाऱ्यापाशीच आहे, आणि आपल्या सदरात नेमके तेच राहून गेले.

लॉफ्टइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे बाउन्स, आणि तिचा त्या लेखात उल्लेखही नव्हता. वेजच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती खाली आहे हे सांगणारा तो कोन. जीन सराझेनने १९३२ ची ब्रिटिश ओपन प्रिन्सेसच्या मैदानावर जिंकली ती आपल्या नव्या सँड आयर्नच्या साथीने. हॉवर्ड ह्यूज यांच्याबरोबर विमानात असताना शेपटीचे पंख हलताना पाहून ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. त्याने क्लबच्या तळाला डाखाचे जाड थर देऊन मागची कड खाली आणली. त्यामुळे क्लब वाळूत रुतण्याऐवजी वाळूवरून घसरू लागला. बंकरमधला चांगला फटका जवळून पाहिला तर क्लब चेंडूला लागतच नाही: तळ चेंडूच्या दोनेक इंच मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून वाळूचा पातळ पापुद्रा उचलतो आणि ती वाळूच चेंडूला बाहेर फेकते. पुढची कड खोल गेली की सारा जोर वाळूत जिरतो आणि चेंडू तिथेच राहतो.

वाळू मऊ आणि भुसभुशीत असेल, गवत दाट असेल, किंवा आपला स्विंग उभा असून क्लब जमिनीत खोल जात असेल तर दहा अंशांहून अधिक बाउन्स कामी येतो. जमीन कडक आणि गवत तुरळक असेल तर तोच बाउन्स आड येतो; तळ जमिनीवर आपटून उसळतो, पुढची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो. म्हणून तीन वेज घेतले तरी तिघांचा बाउन्स सारखा नसावा. दोन वेगळ्या बाउन्सचे दोन वेज हे एकाच बाउन्सच्या तीन वेजपेक्षा जास्त प्रसंग निभावून नेतात.

लॉब वेजची खरी उपयुक्तता इथेच तपासावी लागते. झेंडा बंकरच्या काठालगत आहे, चेंडू पडल्यावर त्याला धावायला चारसहा पावलेही जागा नाही, अशा वेळी ५८-६० अंशांचा वेज हवाहवासा वाटतो. पण त्याच जागी ५६ अंशांच्या वेजचा क्लबफेस उघडला तरी चेंडू तितकाच उंच जातो, आणि गवताची गादी असेल तर सुखाने जातो. अडचण कडक जमिनीवर येते: क्लबफेस उघडला की लॉफ्टबरोबर बाउन्सही वाढतो, पुढची कड जमिनीपासून वर उचलली जाते आणि पोटात बसणाऱ्या फटक्याची भीती उभी राहते. तिथे कमी बाउन्सचा ६० अंशांचा वेज, क्लबफेस न उघडता, जे काम करतो ते ५६ च्याने होत नाही. ज्यांचे नेहमीचे मैदान कडक आहे, ग्रीन लहान, वेगवान आणि उंचवट्यावर आहेत आणि भोवती बंकर आहेत, त्यांना चौथा वेज घेण्याचे हे खरे कारण आहे.

इतरांसाठी मात्र लॉब वेज हा अडचणी वाढवणारा क्लब ठरू शकतो. लॉफ्ट जितका जास्त तितका ठरावीक अंतरासाठी स्विंग मोठा लागतो आणि चूकही तितकीच मोठी होते. रफमध्ये (मैदानाच्या वाढलेल्या गवतात) चेंडू गवतावर तरंगत असेल तर ६० अंशांचा क्लब त्याच्याखालून निघून जातो आणि चेंडू जागच्या जागी उडून दोन पावलांवर पडतो. ग्रीनच्या कडेला, समोर वीस पावलांची मोकळी हिरवळ असताना लॉब वेज हाती घेणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत. तिथे पिचिंग वेजने किंवा नऊ नंबरच्या आयर्नने चेंडू ग्रीनवर टाकून घरंगळत नेणे हा साधा आणि सुरक्षित मार्ग असतो. लॉब वेज पिशवीत असला की तो वापरण्याचा मोह होतो; माझ्या मते त्याचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

आता जागेचा हिशोब. पटर, ड्रायव्हर, तीन आणि पाच नंबरचे वुड (लांब मारण्याचे जाड डोक्याचे क्लब), चार आणि पाच नंबरचे हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधले क्लब), सहा ते नऊ नंबरचे आयर्न आणि पिचिंग वेज मिळून अकरा क्लब होतात. त्यात ५० आणि ५६ चे वेज घातले की तेरा. चौदाव्या जागेसाठी लॉब वेज आणि सात नंबरचे वुड अशी खरी स्पर्धा असते. संथ स्विंगच्या खेळाडूचे लांबचे आयर्न एकमेकांत मिसळलेले असतात. पाच आणि सहा नंबर सारखेच अंतर जातात आणि दोन्ही कमी उंचीवरून जाऊन ग्रीनवर थांबत नाहीत. त्याला लांबून उंच चेंडू टाकून ग्रीनवर थांबवणारा क्लब फेरीत अनेकदा लागतो; लॉब वेज खरोखर लागण्याचा प्रसंग क्वचित येतो. अशा खेळाडूला मी निःसंकोच सात नंबरचे वुड घ्यायला सांगेन. फिल मिकल्सनसारखा वेजचा जादूगारसुद्धा पिशवीची रचना मैदान पाहून बदलत असे: २००६ ची मास्टर्स त्याने दोन ड्रायव्हर घेऊन जिंकली आणि २०१३ ची ब्रिटिश ओपन म्युरफील्डवर ड्रायव्हरविना जिंकली.

एक तांत्रिक बाब थोडक्यात. गॅप वेज पूर्ण स्विंगसाठी घेतला जाणार असेल तर तो आयर्नच्याच संचातला घ्यावा, कारण त्याची दांडी, वजन आणि चुकीला सांभाळून घेण्याची क्षमता पिचिंग वेजशी जुळते. ग्रीनभोवती कमी-जास्त स्विंगने वापरायचा असेल तर वेगळा वेज बरा. लॉफ्ट एक-दोन अंशांनी वाकवून घेता येतो, त्यामुळे दरवेळी नवा क्लब घेण्याची गरज नसते. मात्र लॉफ्ट जितका कमी करावा तितकाच बाउन्सही कमी होतो, हे वाकवून घेण्याआधी विचारात घ्यावे. आणि क्लबफेसवरच्या झिजलेल्या खाचांचे चार वेज बाळगण्यापेक्षा धारदार खाचांचे तीन केव्हाही चांगले, विशेषतः ज्याने बंकरमध्ये पुष्कळ सराव केला आहे त्या सँड वेजच्या बाबतीत, कारण वाळू खाचा लवकर खाते.

आपणास एक विनंती आहे. यापुढे सदरात क्लबविषयी सल्ला देताना पिचिंग, गॅप, सँड अशा नावांबरोबर प्रत्येक वेजचा लॉफ्ट आणि बाउन्स अंशांमध्ये छापावा आणि तो सल्ला किती यार्ड मारणाऱ्या खेळाडूसाठी आहे हेही नमूद करावे. तेवढी माहिती मिळाली की तीन की चार हे प्रत्येक वाचकाला आपापल्या पिशवीपुरते ठरवता येईल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक